खाटेच्या अलीकडचा देव

डॉक्टर झाल्यावर सक्तीच्या सरकारी सेवेचं, म्हणजे बाँडचं, एक वर्ष मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. काढलं, हाच शब्द बरोबर. क्वार्टरचं छप्पर गळायचं. पलंग सरकवता सरकवता आषाढात दारापर्यंत आला होता. लाइट गेली की लसींच्या फ्रीजपाशी जाऊन तापमान बघत बसायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक फुली. शेवटची फुली मारली त्या संध्याकाळी मी एसटी पकडली. केंद्रातल्या सिस्टर तिथे माझ्याआधी अकरा वर्षं होत्या. मी बॅग उचलताना त्यांनी एवढंच विचारलं, "सर, आता पुढचे कधी येणार?" मला माहीत नव्हतं. खरं तर मी कुठे चौकशीही केली नव्हती.

तिथे युद्ध नव्हतं. डास होते, विंचू होते, रात्री दोन वाजता दारावर थाप मारणारे सर्पदंशाचे नातेवाईक होते. वरून कोणी बॉम्ब टाकत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो टिकला आणि मी टिकलो नाही. तेव्हा माझ्या मतांना किती वजन द्यायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

टॉम कॅटेना हा अमेरिकन डॉक्टर. ब्राऊन विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला, मग ड्यूकला मेडिकल केलं, काही वर्षं नौदलात डॉक्टर होता. शिक्षण फॅमिली मेडिसिनचं. सर्जरी तो शिकला केनियातल्या मिशन दवाखान्यांत, हाताखाली काम करत करत. पक्का कॅथलिक, रोज सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकून मग राउंडला जाणारा. २००८ साली तो सुदानच्या दक्षिण कोर्दोफानमधल्या नुबा डोंगरांत, गिडेल या गावी आला. एल ओबेदचे बिशप मॅक्रम मॅक्स गासिस यांनी तिथे 'मदर ऑफ मर्सी' नावाचं हॉस्पिटल उभं केलं होतं. ना पक्का रस्ता, ना विजेची तार.

जून २०११ मध्ये तिथे पुन्हा युद्ध पेटलं. पुन्हा म्हणायचं, कारण नव्वदच्या दशकात या डोंगरांनी एक युद्ध भोगलं होतं. १९९२ मध्ये खार्तुमच्या, म्हणजे सुदानच्या राजधानीतल्या, राजवटीच्या बाजूने तिथल्या बंडखोरांविरुद्ध जिहादचा फतवा निघाला होता, आणि त्यातली मेख अशी की नुबांमध्ये मुसलमानही भरपूर. बंडखोरांच्या बाजूचा मुसलमान हा मुसलमानच नव्हे, असं त्या फतव्याने ठरवून टाकलं. एकाच घरात एक भाऊ मुस्लिम, एक ख्रिस्ती आणि म्हातारा बाप पूर्वजांच्या देवांना मानणारा, हे तिथे नवलाचं नाही. दक्षिण सुदान वेगळा देश झाला तेव्हा हे डोंगर मात्र उत्तरेच्या वाट्याला राहिले, आणि त्याच्या महिनाभर आधीच बंदुका सुरू झाल्या. मदत संस्थांना सरकारने मज्जाव केला. मिशनच्या माणसांनाही निघायचा सल्ला मिळाला, बहुतेक परदेशी गेले. कॅटेना राहिला, आणि त्याच्यासोबत मोजक्या नन्स.

पुढची पाच वर्षं सरकारची आंतोनोव्ह विमानं यायची. मूळची मालवाहू विमानं. मागच्या दारातून माणसं हाताने बॉम्ब ढकलत. नेम नावाची गोष्ट नाही. गावोगाव लोकांनी घरापाशी, शाळेपाशी, शेतात माणूसभर खड्डे खणले. घरघर ऐकू आली की खड्ड्यात उडी. हॉस्पिटलच्या आवारातही खड्डे होते. पण ज्याचा मोडका पाय वजन लावून टांगलाय, त्याने काय करायचं? आम्हा डॉक्टर मंडळींना युद्धातल्या दवाखान्याची गोष्ट ऐकली की रक्त, तुटलेले हात, मेणबत्तीच्या उजेडातली ऑपरेशनं आठवतात. मला त्या ट्रॅक्शनवरच्या पेशंटचा विचार सुटत नाही. वॉर्ड रिकामा होतोय, जो तो खड्ड्याकडे पळतोय आणि हा छताकडे बघत पडलाय. मे २०१४ मध्ये बॉम्ब हॉस्पिटलच्या आवारातच पडले. त्याच वर्षी गोवराची साथ आली, कारण लसीकरण युद्धाच्या पहिल्याच दिवसांत बंद पडलं होतं. वॉर्डात शेकड्यांनी मुलं. बॉम्बने मेलेल्यांचे फोटो जगभर जातात. फ्रीज बंद पडल्यामुळे मेलेल्या मुलाचा फोटो कोण काढणार?

हे सगळं मी आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. पहिलं उत्तर तीन मिनिटांत आलं. "आणि बाटवले किती?"

मला राग आला, हे खरं. पण राग ओसरल्यावर वाटलं, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे तो प्रश्न आजचा नाही आणि तो विचारणारे सगळे काही दंगेखोर नव्हते. १९५४ मध्ये त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी नागपूर होती, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ चा तो अहवाल मला बऱ्याच ठिकाणी पटत नाही. त्याचा सूर संशयाचा आहे आणि आदिवासींना स्वतःचं डोकं असतं हे तो फारसं धरून चालत नाही. पण त्यातली एक शिफारस अशी: वैद्यकीय वा इतर व्यावसायिक सेवेचा धर्मांतराचं थेट साधन म्हणून वापर करायला कायद्याने बंदी असावी. या वाक्यावर मी आजही सही करीन. (गंमत बघा, त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत हेच नियोगी होते. धर्म बदलण्याला त्यांचा विरोध होता असं म्हणायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.)

तर सगळा वाद 'थेट साधन' या दोन शब्दांत आहे. आणि माझं म्हणणं असं की आपण तो चुकीच्या टोकाला धरतो. आपण विचारतो, डॉक्टरच्या मनात काय आहे? तो कोणासाठी करतोय हे, रुग्णासाठी की येशूसाठी? याचं उत्तर मिळत नाही, आणि मिळालं तरी उपयोग नाही. माझ्या बॅचमधल्या किती जणांनी मेडिकलला जायचं कारण म्हणून 'सेवा' सांगितलं असतं आणि मनात काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी त्यांच्यातलाच एक. पैशासाठी केलेलं अपेंडिक्सचं ऑपरेशनही नीट झालं तर पेशंट वाचतो. देवासाठी केलेलंही तसंच. विचारायचं ते खाटेवरच्या माणसाबद्दल: त्याच्याकडून काय मागितलं जातं? रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, हे कशावर ठरतं? मॉर्फिन कोणाला मिळतं? डॉक्टरचा देव खाटेच्या अलीकडे, डॉक्टरच्या बाजूला उभा असेल तर त्याला खुशाल राहू द्यावं. तो पलीकडे जाऊन पेशंटच्या उशाशी बसला की गडबड सुरू होते.

इथे माझ्या आजीची गोष्ट सांगायला हवी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मिशन दवाखान्यात तिचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, साठच्या दशकात. पंढरीची वारी करणारी बाई, कांदा-लसूण न खाणारी. त्या वॉर्डात रोज सकाळी मराठीतून प्रार्थना व्हायची, पेटीच्या साथीवर. ती घरी हे सांगायची तेव्हा मी कॉलेजात होतो, नुकताच तर्ककर्कश झालेलो. मी म्हटलं, आजी, हा दबाव आहे. पोटाला टाके घातलेली बाई उठून कुठे जाणार? ती म्हणाली, "टाके ठणकायचे रे, शब्द कोण ऐकतंय. पेटी बरी वाजवायची ती पोरगी." विषय तिच्या बाजूने संपला. पण तिने दुसरी एक गोष्ट केली होती, जी मला फार उशिरा कळली. ऑपरेशननंतरच्या वर्षापासून सुगी झाली की ती नव्या तांदळाचं एक पोतं त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पाठवायची. आजोबा गेले त्या वर्षीही पाठवलं. बिल चुकतं झालेलं होतं, कोणी मागितलेलं नव्हतं. "मिंधं राहू नये," एवढंच तिचं कारण.

मिंधेपण. या सगळ्या वादातला कळीचा शब्द माझ्या मते धर्मांतर नव्हे, तर हा आहे. आजीकडे पोतं पाठवायला शेत होतं. म्हणून तिला प्रार्थनेची पेटी नुसती पेटी म्हणून ऐकता आली. आवडली नसती तर पुढच्या वेळी ती सिव्हिलला गेली असती. गिडेलच्या खाटेवरच्या माणसाकडे यातलं काहीच नाही. त्याचं शेत जळालंय किंवा पेरायची सोय उरलेली नाही. दुसरा दवाखाना दिवस दिवस चालल्यावर येतो. त्याला बरं करणाऱ्याला तो 'नाही' म्हणू शकत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला 'नाही' म्हणावंसंच वाटत नाही. उपकाराने तो आधीच वाकलेला असतो. अशा माणसाला कोणी जबरदस्ती करावी लागत नाही. नुसतं पुस्तक उशाशी ठेवलं तरी पुरतं.

म्हणून शांततेच्या काळात जे चालून जाईल ते युद्धात चालू नये, असं माझं मत आहे. भिंतीवर क्रूस असू दे. तो डॉक्टरच्या गळ्यातही असू दे. सकाळची मिस्सा चॅपलमध्ये होऊ दे, ज्याला जायचं तो जाईल. ऑपरेशनआधी सर्जनने मनात देवाचं नाव घेतलं तर मला उलट बरं वाटेल, निदान त्याला आपल्या हातांबद्दल थोडी शंका आहे. पण वॉर्डातली सामूहिक प्रार्थना, औषधाबरोबरचं पत्रक, बरा झालास आता देवाचे आभार मान, पण अमुक देवाचे, हे सगळं बंद. माझ्या आजीची हरकत नव्हती तरी बंद. रेडक्रॉस आणि मदत संस्थांनी १९९४ मध्ये केलेल्या आचारसंहितेत, मदत कुठल्याही राजकीय वा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी वापरू नये, असं कलम आहेच. बऱ्याच ख्रिस्ती मदत संस्थांनी त्यावर सह्याही केल्या आहेत. कलम पाळलं जातंय का, हे तपासायला युद्धभूमीवर जाणारा मात्र कोणी नसतो.

आता आपली स्वतःची एक दुटप्पी सवय. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सगळ्यांना पूज्य आहेत. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. इतर यथावकाश परतले, कोटणीस राहिले. जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीच्या जखमींवर डोंगराळ भागात ऑपरेशनं केली, १९४१ मध्ये बेथ्यून हॉस्पिटलचे प्रमुख झाले, चिनी नर्सशी लग्न केलं, जुलै १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय अवघं ३२. त्यांच्या कामामागे एक श्रद्धा होती, ती एका पक्षावरची होती, आणि ते उघडपणे एका बाजूच्या सैन्यात होते. त्यांना आपण कधी विचारलं का, की किती जखमींना कम्युनिस्ट केलंत? ज्यांच्या नावाचं हॉस्पिटल त्यांनी चालवलं ते कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून एका प्रेस्बिटेरियन पाद्र्याचे चिरंजीव. बापाचा देव सोडला, पण धावून जायची सवय सुटली नाही. १९३९ च्या नोव्हेंबरात, ऑपरेशन करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष पसरून ते गेले.

म्हणजे आपला माणूस असला आणि श्रद्धा लाल रंगाची असली तर ती त्याग ठरते. परका असला आणि गळ्यात क्रूस असला तर आमिष. कोटणीसांना कमी लेखायचा माझा हेतू नाही, उलट. जो निकष त्यांना लावतो तोच कॅटेनाला लावा, एवढंच.

यावर ग्रुपवरच्या एका सर्जन मित्राने चांगला मुद्दा काढला. तो म्हणाला, तुझ्या बोलण्याचा अर्थ असा की श्रद्धेमुळे माणूस टिकतो. मग श्रद्धा नसलेले टिकत नाहीत का? टिकतात. नुबा डोंगरांतच त्याचा पुरावा आहे. 'काप आनामूर' या जर्मन संस्थेने, जिचा चर्चशी काही संबंध नाही, लुएरे इथला आपला दवाखाना त्याच युद्धात चालू ठेवला. 'मेदसाँ सां फ्रंतिएर' ही डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय मदत संस्था तिथल्याच फारंदाल्लामध्ये काम करत होती; तिच्या दवाखान्यावर जून २०१४ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१५ मध्ये बॉम्ब पडले, त्यानंतर तिने काम थांबवलं. तिला भित्री म्हणणाऱ्याने एकदा आरशात बघावं. संस्थेला आपल्या माणसांच्या आईबापांना उत्तर द्यावं लागतं. विमा असतो, सुरक्षेचे नियम असतात, आणि ते नियम आधीच्या मृत्यूंतून शिकून केलेले असतात.

तेव्हा देव नसला तर माणूस पळतो, असला तर राहतो, हा हिशोब खोटा आहे. खरा फरक मला दुसरीकडे दिसतो. करारावर आलेल्या माणसाला राहायचं असेल तर कारण द्यावं लागतं. व्रत घेऊन आलेल्याला निघायचं असेल तर कारण द्यावं लागतं. माझ्या कॅलेंडरवर फुल्या होत्या. व्रतवाल्याच्या भिंतीवर ते कॅलेंडरच नसतं. आता हे व्रत देवाचं असेल, पक्षाचं असेल, किंवा माझ्या केंद्रातल्या सिस्टरांचं होतं तसं बिननावाचं. पण देवाचं व्रत ही त्यातली सगळ्यात जुनी, सगळ्यात स्वस्तात माणसं घडवणारी व्यवस्था आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. सरकारी आरोग्यसेवेला अशी एकही माणसं घडवणारी जागा आजवर उभी करता आली नाही. बाँड ही तिची नक्कल, आणि दंड भरून तो मोडता येतो.

इथवर मी कॅटेनाच्या बाजूने बोललो. आता दुसरं.

नुबातल्या एका मुस्लिम सरदाराने अमेरिकन पत्रकाराला सांगितलं होतं की हा माणूस म्हणजे येशू ख्रिस्तच. आंधळ्याला दृष्टी देतो, लंगड्याला चालवतो. लोकांना यात फार गोड वाटतं. मला धास्ती वाटते. आपल्याकडेही चांगल्या डॉक्टरला 'देवमाणूस' म्हणतात, आणि एकदा म्हटलं की त्याला काही विचारायची सोय उरत नाही. देवमाणसाच्या हातून पेशंट दगावला तर ती ईश्वरेच्छा. चूक झाली का, रक्त वेळेवर चढवलं का, हे विचारायला दुसरा सर्जन नाही, डेथ ऑडिट नाही, ग्राहक मंच तर नाहीच. अनेकदा तो लाखो लोकांमागे एकमेव सर्जन होता. तो तापाने पडला तर ऑपरेशन थिएटरला कुलूप. चारशेहून जास्त खाटांचं हॉस्पिटल एका माणसाच्या तब्येतीवर आणि त्याच्या नवसावर उभं असणं, हा रुग्णांवर अन्याय आहे. तो अन्याय कॅटेनाने केलेला नाही, त्याने तो आपल्या अंगावर घेतला आहे. पण म्हणून तो न्याय होत नाही.

आणि देणगीदार याला हातभार लावतात. भाविक देणगीदाराला गोष्ट लागते, चेहरा लागतो. गळ्यात स्टेथोस्कोप, कडेवर पोर. गावातल्या चार पोरींना भूल द्यायला शिकवण्यासाठी पैसे द्या म्हटलं तर फोटो कसला काढणार? खुद्द कॅटेनाला हे कळलेलं दिसतं. त्याने अक्षरशः शून्यापासून स्थानिक नर्स तयार केल्या, हाताखाली माणसं शिकवली, २०१६ मध्ये तिथल्याच एका नुबा नर्सशी लग्न केलं. २०१७ चा अरोरा पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा त्यातले दहा लाख डॉलर तीन वैद्यकीय मदत संस्थांकडे गेले. तो पुरस्कार आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्यांच्या वतीने देतात, आणि त्या इतिहासातही एक मिशनरी डॉक्टर आहे. १९१५ मध्ये तुर्कांच्या साम्राज्यातल्या व्हान शहरातल्या अमेरिकन मिशनचे डॉ. क्लॅरेन्स अशर. तुर्की फौजेच्या वेढ्यात मिशनच्या आवारात हजारो आर्मेनियन आले. मग शहर रशियन फौजांच्या हाती पडलं आणि सूड सुरू झाला, तेव्हा त्याच आवारात तुर्की बाया आणि मुलं आसऱ्याला आली. टायफसची साथ पसरली. अशरची बायको त्यात गेली. आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे, आवार तेच. सेवेबद्दल शंका घेणाऱ्यांनाही आणि तिची आरती करणाऱ्यांनाही मी या आवाराची आठवण देतो. युद्धात फासा उलटा पडल्यावर दार कोणाला उघडतं, यापलीकडची परीक्षा मला सुचत नाही.

अजून एक अडचण आहे, जिच्याबद्दल श्रद्धावान डॉक्टर फारसं बोलत नाहीत. रेडक्रॉसची कल्पना काढणारा आंरी ड्यूनां हा स्वतः भाविक, जिनिव्हात वायएमसीए उभारणाऱ्यांतला. १८५९ ची सोल्फेरिनोची लढाई बघून त्याने स्वयंसेवी पथकांची योजना मांडली, तेव्हा तिला विरोध केला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलने. तिचं म्हणणं होतं की जखमींची जबाबदारी सरकारांची आहे. ती तुम्ही फुकटात उचललीत तर युद्ध करणं त्यांना आणखी सोपं जाईल. नाइटिंगेल चूक होती असं मला पूर्ण म्हणवत नाही. नुबांच्या भागात बंडखोरांचं प्रशासन आहे. त्याला हॉस्पिटल आयतं मिळालं. त्याचा पैसा बंदुकांकडे वळायला मोकळा. बरा झालेला पोरगा पुन्हा आघाडीवर जातो. मग काय, त्याला बरं करायचं नाही? करायचं. डॉक्टरपुढे जखम येते, धोरण येत नाही. पण धोरण लिहिणाऱ्यांनी, पैसे पाठवणाऱ्यांनी आणि दर रविवारी त्या डोंगरांसाठी प्रार्थना करणाऱ्यांनी नाइटिंगेलचा प्रश्न विचारायला हवा, नाहीतर त्यांची करुणा एका फौजेचं वैद्यकीय खातं होऊन बसेल.

माझ्या बाँडच्या केंद्रात केसपेपरवर नाव, वय, गाव यांच्याखाली 'धर्म' असा रकाना छापलेला होता. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी तो कधी भरला नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं, शंभर पेशंटांची ओपीडी असायची. एकदा सिस्टरांना म्हटलं, हा रकाना रिकामा राहतोय, वरून कोणी विचारेल. त्या म्हणाल्या, "राहू द्या. त्यात मी वजन लिहिते." खरंच, मुलांच्या केसपेपरवर त्या तिथे किलो लिहीत होत्या.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानचं सैन्य आणि पूर्वीच्या सरकारने वाढवलेलं निमलष्करी दल एकमेकांवर उलटलं. ज्या खार्तुमच्या हुकमाने आंतोनोव्ह सुटायची त्या शहराच्या रस्त्यांवर प्रेतं पडली, आणि लाखो लोक वाट फुटेल तिकडे निघाले. त्यातले बरेच नुबा डोंगरांत आले, ज्या डोंगरातल्या माणसांना राजधानीत घरगडी म्हणूनच ओळखत. डिसेंबर २०२४ मध्ये पश्चिम नुबा डोंगरांत दुष्काळ जाहीर झाला. आधीच अर्धपोटी असलेल्या गावांत आणखी तोंडं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नुबांच्या बंडखोर नेत्याने त्या निमलष्करी दलाशी हातमिळवणी केली, ज्या दलाने दहा वर्षांपूर्वी याच गावांवर चाल केली होती. कोण कोणाचा वैरी, हे आता गिडेलच्या एखाद्या म्हातारीला विचारलं तर तीही बोटं मोडून गप्प बसेल.

त्या हॉस्पिटलवर बॉम्ब ढकलणारी माणसं कोणाची तरी मुलं होती, कोणाचे तरी भाऊ. त्यांची घरं बहुतेक त्याच शहरांत असणार, जी या युद्धात रिकामी झाली. त्यांच्यापैकी कोणाची आई ताप आलेला नातू कडेवर घेऊन गिडेलच्या रांगेत उभी राहिली असेल, तर तिला नाव विचारावं, गाव विचारावं, पोराचं वजन करावं.